लिनक्सवर वायफाय: नाव लपवलेलं, पासवर्ड लावलेलं आणि कॉलेजच्या लॉगिनचं

नाशिकच्या पंचवटीतला जुना वाडा असो की इंदिरानगरातला फ्लॅट, तक्रार एकाच शब्दांत येते: "मोबाईलला वायफाय लागतं, पण लिनक्सच्या लॅपटॉपला लागत नाही." पुढे माणूस काय करतो तेही ठरलेलं असतं. पासवर्ड पुन्हा टाकतो. मग एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत परत टाकतो. तीच चौकट पुन्हा वर येते आणि शेवटी सगळं खापर लिनक्सवर फुटतं.

लॅपटॉप वायफायला जोडला जातो तो तीन टप्प्यांत. आधी लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड चालू असावं लागतं. मग त्या कार्डाला हवेतून नेमकं आपलं नेटवर्क सापडावं लागतं. त्यानंतर किल्ली आपल्याकडे आहे हे त्या नेटवर्कला पटवून द्यावं लागतं. यातलं काहीही अडलं तरी पडद्यावर दिसतं ते एवढंच, की नेट नाही. उपाय मात्र तिन्हींचे अगदी वेगळे आहेत. कुठल्या टप्प्यावर गाडी अडली ते आधी ओळखलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्या डेस्कटॉपवर हे सगळं नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. रेड हॅटने तो 2004 मध्ये सुरू केला. राउटरशी प्रत्यक्ष बोलणी करतो तो त्याच्या हाताखालचा डब्ल्यूपीए सप्लिकंट. घड्याळाशेजारचं वायफायचं चिन्ह हा नेटवर्कमॅनेजरचा फक्त चेहरा. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, त्याच्याशी थेट बोलायचं तर 'एनएमसीएलआय' ही आज्ञा आहे. या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या.

कार्डच दिसत नसेल तर

हा भाग थोडक्यात उरकतो, कारण इथे विचार कमी आणि तपासणी जास्त आहे. यादीत एकही नेटवर्क दिसत नसेल, शेजाऱ्यांचंसुद्धा नाही, तर पासवर्डचा विषय अजून आलेलाच नाही. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' टाका. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हटलं की काम होतं. 'हार्ड ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन बरोबर दाबायची, विमानाचं चिन्ह असलेली की शोधा, ते कुलूप सॉफ्टवेअरने उघडत नाही.

दोन्हीकडे 'नो' आहे आणि तरी काही दिसत नाही, म्हणजे बहुधा कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाला चालवणारं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर, नाही. इंटेलची कार्डं सहसा त्रास देत नाहीत. ब्रॉडकॉमची जुनी कार्डं आणि रिअलटेकचे काही छोटे यूएसबी अडॅप्टर देतात. डेबियनमध्ये पूर्वी असं फर्मवेअर वेगळं शोधून आणावं लागायचं, 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं. उबंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडलं की लागणारा ड्रायव्हर समोर येतो. पण तो उतरवायलाच नेट लागतं, आणि नवखा माणूस नेमका इथे अडकून पडतो. मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलवर यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स ते जोडणं बहुतेक वेळा काही न मागता ओळखतं. त्या नेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्या.

इतर नेटवर्कं दिसतात, फक्त आपलंच दिसत नाही, असंही होतं. राउटर 12 किंवा 13 नंबरच्या चॅनेलवर बसलेला असतो आणि लॅपटॉपला वाटत असतं आपण अमेरिकेत आहोत, म्हणून तो त्या चॅनेलकडे बघतच नाही. भारतात 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात 13 पर्यंतचे चॅनेल चालतात. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' ही आज्ञा लॅपटॉपला देश सांगते, तिच्यातलं 'आयएन' तेवढं मोठ्या अक्षरांत टाकायचं. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमागे 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा पोचत नाही, हेही लक्षात असू द्या. माजघरातून 2.4 वालंच नेटवर्क निवडावं.

पासवर्ड बरोबर, तरी परत विचारतो

आता खरा विषय. आपण टाकलेला पासवर्ड लॅपटॉप राउटरकडे पाठवत नाही. कधीच नाही. पाठवला असता तर शेजारच्या इमारतीत बसून हवा ऐकणाऱ्या कोणालाही तो मिळाला असता. लॅपटॉप काय करतो, तर पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेतो, ते 4096 वेळा एका गणिती चक्रातून फिरवतो आणि त्यातून 256 बिटांची किल्ली काढतो. राउटरनेही आपल्याकडच्या पासवर्डपासून तीच किल्ली काढलेली असते. मग दोघं एकमेकांना ताजे, एकदाच वापरायचे आकडे पाठवतात आणि ते आकडे व किल्ली मिळून तयार झालेली सही दाखवतात. अशा चार निरोपांची देवाणघेवाण होते, म्हणून तिला 'फोर-वे हँडशेक' म्हणतात. किल्ली दोघांकडे असते, हवेत मात्र ती एकदाही उतरत नाही. मला हे गणित फार सुंदर वाटतं. दोन यंत्रं भर चौकात उभी राहून एकमेकांची ओळख पटवतात आणि सगळं ऐकणाऱ्या तिसऱ्याच्या हाती गुपित लागत नाही.

याच रचनेतून ती पुन्हापुन्हा येणारी चौकट जन्माला येते. लॅपटॉपने दुसरा निरोप पाठवला आणि त्यावरची सही राउटरला जुळली नाही, तर राउटर 'पासवर्ड चुकला' असं सांगत नाही. तो तिसरा निरोपच पाठवत नाही, गप्प बसतो. लॅपटॉप वाट बघतो आणि अंदाज बांधतो की किल्ली चुकली असावी. डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या लॉगमध्ये तेव्हा जे वाक्य पडतं त्यातही 'किल्ली चुकीची असू शकते' एवढंच म्हटलेलं असतं. आता समजा पासवर्ड बरोबर आहे, पण दोन खोल्यांपलीकडच्या राउटरचा तिसरा निरोप वाटेतच हरवला. लॅपटॉपच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग सारखेच. तो पुन्हा पासवर्ड विचारतो. म्हणून चौकट परत आली की पहिलं काम हे, की लॅपटॉप उचलून राउटरच्या खोलीत न्यायचा आणि तिथून जोडून बघायचा. तिथे जोडला गेला तर पासवर्डशी झगडण्यात अर्थ नाही, प्रश्न सिग्नलचा आहे.

जवळ जाऊनही जोडत नसेल तर जुनी साठवण पुसा. नेटवर्कमॅनेजर प्रत्येक नेटवर्कची एक फाईल ठेवतो आणि राउटर बदलला, सुरक्षेचा प्रकार बदलला, तरी जुन्या फाईलवरूनच प्रयत्न करत राहतो. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' ही आज्ञा साठवलेली नावं दाखवते, 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' आणि पुढे अवतरणचिन्हांत नाव टाकलं की ती फाईल जाते. मग नव्याने जोडा: 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय कनेक्ट', त्यापुढे अवतरणचिन्हांत नेटवर्कचं नाव. पासवर्डही त्याच ओळीत देता येतो, आणि बरेच जण सर्रास तो तसाच देतात. तसं करू नका. टर्मिनल प्रत्येक ओळ इतिहासाच्या फाईलमध्ये लिहून ठेवतं, पासवर्डसकट. त्यापेक्षा 'एनएमसीएलआय' नंतर लगेच दोन आडव्या रेघा आणि 'आस्क' हा पर्याय द्या. मग पासवर्ड वेगळा विचारला जातो आणि इतिहासात राहत नाही.

किल्ली काढताना नेटवर्कचं नावही गणितात जातं, हे वर येऊन गेलं. म्हणजे राउटरचं नाव बदललं आणि पासवर्ड तोच ठेवला, तरी किल्ली वेगळी होते. नावात मोठं-लहान अक्षर आणि रिकामी जागासुद्धा मोजली जाते. मोबाईलवरून राउटरची सेटिंग करताना कीबोर्ड शब्दानंतर आपोआप जागा सोडतो. नावाच्या शेवटी अशी एक जागा राहून गेली, तर यादीतून निवडणाऱ्याला ती जाणवत नाही, पण हाताने नाव टाकणाऱ्याचा सगळा दिवस त्यात जातो.

मराठीत नाव ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवा. नावाला 32 बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं. 'गोदावरी' 21 बाइटांत बसतं. 'काळाराम मंदिर' 37 होतात, ते बसत नाही. पासवर्ड मात्र रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांचाच ठेवा, 8 ते 63 अक्षरांचा.

मोबाईल नंबर हा पासवर्ड नव्हे

हँडशेक कितीही सुंदर असला तरी त्याची ताकद पासवर्डइतकीच आहे. ते चार निरोप हवेतून टिपून घरी नेता येतात आणि निवांत बसून एकेक पासवर्ड लावून सही जुळते का ते बघता येतं. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे घरोघरी वायफायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या कोणाचा तरी मोबाईल नंबर. भारतातला मोबाईल नंबर 10 आकडी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो. म्हणजे सगळे मिळून 400 कोटी शक्यता. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला तो काही तासांचा खेळ आहे. त्यात दुकानाच्या पाटीवर नंबर लिहिलेलाच असेल तर तेवढेही कष्ट नकोत. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमनमध्ये सलग लिहा. पाहुण्याला सांगायला सोपं, आणि मोडायला कोणत्याही ग्राफिक्स कार्डाचा घाम काढणारं.

सुरक्षेचा प्रकार निवडताना यादीत तीन-चार नावं दिसतात. वेप 1997 चं, त्याची फट 2001 मध्ये जाहीर झाली. आज ते मिनिटभरात मोडतं, आणि डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या नव्या आवृत्तीत ते मुळातच बंद ठेवलेलं आहे. जुना राउटर फक्त वेपच देत असेल तर लिनक्स त्याला जोडत नाही यात लिनक्सचं चुकत नाही, राउटर भंगारात द्यावा. 2003 चं डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी होती. 2004 पासूनचं डब्ल्यूपीए2 आजही ठीक आहे. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 ने वर सांगितलेली फट बुजवली: त्यात निरोप टिपून घरी नेले तरी पासवर्डचे अंदाज तपासता येत नाहीत.

मात्र नवा राउटर आणि जुना लॅपटॉप एकत्र आले की डब्ल्यूपीए3 कधी कधी आडवं येतं. राउटर 'डब्ल्यूपीए2 आणि डब्ल्यूपीए3 दोन्ही' अशा मिश्र स्थितीत असतो, जुनं कार्ड अर्धवट बोलून गप्प होतं. अशा वेळी त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार स्पष्टपणे 'डब्ल्यूपीए2 पर्सनल' निवडला की बहुतेकदा सुटतं. राउटर फक्त डब्ल्यूपीए3 वर असेल आणि कार्डाला ते येत नसेल, तर नवा यूएसबी अडॅप्टर घेण्यावाचून मार्ग नाही.

पासवर्ड न टाकता जोडून देणारं राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण वापरत असाल तर त्याचा पिनचा पर्याय बंद करून टाका. 8 आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा तपासणीचा असतो, त्यामुळे एकूण 11,000 शक्यताच उरतात. हे 2011 पासून जगजाहीर आहे.

लपवलेलं नेटवर्क: कोणापासून लपलं?

राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' असा एक छोटा निरोप हवेत सोडतो. त्यात त्याचं नाव, चॅनेल, सुरक्षेचा प्रकार असं सगळं असतं. आपल्याला यादीत नावं दिसतात ती यातूनच. 'हाइड एसएसआयडी' (एसएसआयडी म्हणजे नेटवर्कचं नाव) चालू केलं की राउटर हे निरोप बंद करत नाही. त्यातली नावाची जागा तेवढी कोरी सोडतो. वाड्याच्या दारावरची पाटी काढली म्हणून वाडा लपत नाही, तसंच हे आहे.

सातपूरच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये हिशेबाचा लॅपटॉप मिंटवर आणला होता आणि तो वायफायला लागत नव्हता. कारखान्याचे मालक, वयाने वडीलधारे, खुर्ची ओढून शेजारी बसले.

"नाव मुद्दाम लपवून ठेवलंय. म्हणजे बाहेरच्या कोणाला आपलं वायफाय दिसायला नको," ते म्हणाले.

"काका, हे बघा," मी म्हटलं आणि 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' टाकलं. यादीत आजूबाजूच्या कारखान्यांची नावं आली, आणि सगळ्यात वर नावाच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा असलेली एक ओळ. तिच्यापुढे राउटरचा हार्डवेअर पत्ता, चॅनेल 6, सिग्नल भरभक्कम, सुरक्षा डब्ल्यूपीए2. "हे तुमचंच आहे. नाव तेवढं नाही, बाकी सगळं आहे."

"पण नाव तर कळत नाही ना?"

"तुमच्या स्टोअरमधला मुलगा आत येतो आणि त्याचा मोबाईल जोडला जातो, तेव्हा मोबाईल ते नाव उघडपणे हाक मारून विचारतो. त्या क्षणी जो ऐकत असेल त्याला कळलं."

काका थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मुलगा घरी गेल्यावरही त्याचा मोबाईल आपल्या कारखान्याचं नाव घेत फिरतो?"

त्यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. राउटर नाव सांगत नाही, म्हणून ते विचारायची जबाबदारी लॅपटॉपवर आणि मोबाईलवर येते. एखादं नेटवर्क 'लपवलेलं' म्हणून साठवलं की ते यंत्र नेट शोधताना त्याच्या नावाने हाका मारतं. मेन रोडवर, सीबीएसच्या बसस्थानकावर, मुंबईच्या गाडीत. आपण कुठे काम करतो हे न विचारता सांगत फिरतं. घरी नाव लपवून काडीची सुरक्षा मिळत नाही, उलट बाहेर आपलीच माहिती सांडते. राउटर आपल्या हातात असेल तर नाव उघडं करा आणि पासवर्ड भक्कम करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. हार्डवेअर पत्त्यांची यादी करून फक्त त्यांनाच आत घेण्याचा जो पर्याय राउटरमध्ये असतो, त्याचंही तेच. ते पत्ते हवेत उघडे असतात आणि लिनक्सवर आपला पत्ता बदलणं दोन ओळींचं काम आहे.

पण राउटर दरवेळी आपल्या हातात नसतो. ऑफिसने नाव लपवलेलं असेल तर जोडावं तर लागणारच. उबंटूत सेटिंग्जमधल्या वायफायच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत 'कनेक्ट टु हिडन नेटवर्क' असतं. जिथे घड्याळाशेजारी नेटवर्कमॅनेजरचं जुनं चिन्ह आहे तिथे तेच वाक्य त्या चिन्हाच्या मेनूत मिळतं. खिडकी उघडली की नाव टाका, आणि इथे थांबून खालची ओळ वाचा. सुरक्षेच्या रकान्यात बहुधा 'नन' निवडलेलं असतं. उघड्या नेटवर्कच्या बाबतीत लॅपटॉप निरोपातून सुरक्षेचा प्रकार स्वतः वाचतो. लपवलेल्याच्या बाबतीत कुठला कोरा निरोप कोणाचा हे त्याला माहीत नसतं, म्हणून आपल्याला सांगावं लागतं. 'नन' तसंच ठेवलं तर पासवर्डचा रकानाच येत नाही आणि जोडणी होत नाही. तिथे 'डब्ल्यूपीए2 पर्सनल' असलेला पर्याय निवडा. टर्मिनलमधून करायचं तर वरच्याच कनेक्ट आज्ञेच्या शेवटी 'हिडन येस' जोडायचं.

आधी नीट चालत असलेला लॅपटॉप अचानक जोडला जाईनासा होतो, त्याचं एक कारण इथे दडलेलं असतं. कोणीतरी मागाहून राउटरचं नाव लपवलं. लॅपटॉपच्या फाईलमध्ये 'हे लपवलेलं आहे' अशी नोंद नाही, म्हणून तो हाक मारत नाही, नुसता यादीत नाव यायची वाट बघतो. 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', मग कनेक्शनचं नाव, मग 'वायफाय डॉट हिडन येस', एवढ्यानं ते सुटतं. राउटरचं नाव पुन्हा उघडं केलंत तर इथे आठवणीने 'नो' करा, नाहीतर लॅपटॉप हाका मारतच राहील.

5 गिगाहर्ट्झमधले काही चॅनेल रडारसाठीही वापरले जातात. 52 पासून पुढचे बरेच चॅनेल यात येतात. त्यांच्यावर लॅपटॉपने आपणहून हाक मारायची नाही, आधी नुसतं ऐकायचं, असा नियम आहे. आणि लपवलेलं नेटवर्क तर हाक मारल्याशिवाय नाव सांगत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. नाव लपवलेलं, 5 गिगाहर्ट्झ, आणि कधी लागतं कधी नाही, अशी लक्षणं असतील तर राउटर सांभाळणाऱ्याला 36 ते 48 मधला चॅनेल ठेवायला सांगा.

लांबलचक पासवर्ड दुसऱ्याच्या यंत्रात टाकताना होणारी चूक टाळायची तर आधी जोडलेल्या लॅपटॉपवर 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय शो-पासवर्ड' टाका. टर्मिनलमध्येच क्यूआर कोड उमटतो. मोबाईलने तो टिपला की नाव आणि पासवर्ड दोन्ही जातात.

कॉलेज आणि मोठी ऑफिसं

घरच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असतो. कॉलेजात प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड मिळतो. याला 'एंटरप्राइझ' प्रकार म्हणतात. शिक्षणसंस्थांना एकमेकांच्या आवारात नेट मिळावं म्हणून असलेली एज्युरोम ही जागतिक सेवाही याच पद्धतीवर चालते, भारतात तिचं काम अर्नेट बघतं. मोबाईलवर नाव-पासवर्ड टाकला की बहुधा लागतं. लिनक्सवर मात्र मोठा फॉर्म उघडतो आणि मुलं घाबरतात. त्यातले बरेचसे रकाने मोकळे राहिले तरी चालतात. सुरक्षा 'एंटरप्राइझ', पद्धत सहसा 'पीईएपी', आतली पद्धत 'एमएसचॅप व्ही2', मग आपलं नाव आणि पासवर्ड.

एक रकाना मात्र मोकळा सोडायचा नाही, तो सीए सर्टिफिकेटचा. त्याच्याखाली 'सर्टिफिकेट लागत नाही' अशी खूण करायची सोय दिलेली असते आणि नेटवर मिळणाऱ्या बहुतेक सूचना तीच खूण करायला सांगतात. तसं केलं की नेट लागतं, हे खरं. पण सर्टिफिकेट कशासाठी आहे ते बघा. घरच्या हँडशेकमध्ये राउटरलाही किल्ली माहीत असल्याचं सिद्ध करावं लागतं. इथे राउटरकडे आपला पासवर्ड नसतो, तो कॉलेजच्या सर्व्हरकडे असतो. समोरचा सर्व्हर खरोखर कॉलेजचा आहे हे फक्त त्या सर्टिफिकेटवरून कळतं. तपासणी बंद ठेवली, तर कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर कोणी त्याच नावाचं नेटवर्क उभं केलं की आपला लॅपटॉप त्याच्याशीही इमानेइतबारे बोलायला लागतो आणि पासवर्ड मोडता येईल एवढी सामग्री त्याच्या हाती देतो. त्याच पासवर्डवर निकाल, फी, मेल सगळं चालत असतं.

म्हणून कॉलेजच्या संगणक विभागात जाऊन दोन गोष्टी मागा: सर्टिफिकेटची फाईल आणि सर्व्हरचं डोमेन नाव. फाईल सीएच्या रकान्यात, डोमेन 'डोमेन' या रकान्यात. एज्युरोम असेल तर तिच्या कॅट या सेवेतून आपल्या संस्थेचं नाव निवडून लिनक्ससाठी एक पायथन स्क्रिप्ट मिळते, ती हे सगळं स्वतःच भरते.

नाव आणि पासवर्ड लागत नसलेली मोकळी नेटवर्कं या सगळ्याच्या बाहेरची. रेल्वे स्टेशनांवरच्या रेलवायरसारख्या ठिकाणी जोडणी लगेच होते, पण ब्राउझरमध्ये मोबाईल नंबर आणि ओटीपी दिल्याशिवाय नेट सुरू होत नाही. लिनक्सवर ते पान आपोआप उघडलं नाही तर ब्राउझरमध्ये 'एस' नसलेल्या एचटीटीपीचा एखादा साधा पत्ता टाका, की ते समोर येतं. अशा ठिकाणी नेटवर्कच्या नावावर विश्वास ठेवायला काही आधार नसतो. 2027 च्या सिंहस्थात गोदाघाटावर आणि तपोवनात 'फ्री' शब्द जोडलेली नावं यादीत दिसतील, तेव्हा बँकेचं काम मोबाईलच्या डेटावरच करावं.

कॉलेजच्या जोडणीत आणखी एक अडचण हल्ली येते. सर्व्हरशी होणारी बोलणी कुलूपबंद ठेवण्याच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात, आणि लिनक्सवर ते काम ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर करतं. उबंटू 22.04 पासून लिनक्समध्ये ओपनएसएसएलची तिसरी पिढी आली आणि तिने टीएलएस 1.0 सारख्या जुन्या पद्धती नाकारायला सुरुवात केली. सर्व्हर जुना असेल तर मोबाईलला आणि जुन्या लॅपटॉपला नेट लागतं, नव्या लिनक्सला लागत नाही. नाव-पासवर्ड, सर्टिफिकेट, सगळं बरोबर असूनही. हे ओळखायला लॉग बघावा लागतो: 'जर्नलसीटीएल', मग मायनस यू, मग 'डब्ल्यूपीए अंडरस्कोर सप्लिकंट'. जोडायचा प्रयत्न केल्यानंतर लगेच बघितलं तर शेवटच्या ओळींत टीएलएसच्या नावाने 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' किंवा 'लेगसी रिनेगोशिएशन' असे शब्द सापडतात. लॅपटॉपवर जुनी पद्धत परत चालू करायचे उपाय आहेत, पण त्यानं आपलाच दरवाजा सैल होतो. त्या ओळींचा स्क्रीनशॉट काढून संगणक विभागाला द्या आणि सर्व्हरवर टीएलएस 1.2 चालू करायला सांगा. तिथल्या माणसाला नुसतं "सर, लिनक्सवर वायफाय लागत नाही" म्हटलं तर तो काही करू शकत नाही. या ओळी दाखवल्या तर नेमकं काय बदलायचं ते त्याला कळतं, आणि बदल एकदा झाला की पुढच्या सगळ्या मुलांचे लॅपटॉप जोडले जातात.